गॅस हे भांडवल आहे, खर्च नव्हे

वैशाखाचा ताप वाढू लागला की बाजारपेठेत एक वाक्य दुकानोदुकानी ऐकू येते : “एसी थंड करीत नाही, गॅस संपला असेल.” शेठजी तसे म्हणतात, मुनीमजी दुजोरा देतात आणि बोलावलेला कारागीर गेज व सिलिंडर घेऊनच जिना चढतो. अर्ध्या तासात गॅस भरला जातो, बिल होते, चार दिवस बरे वाटते. पुढच्या वैशाखात पुन्हा तोच कारागीर, तेच बिल. गेल्या अंकात आपण नवे यंत्र घेताना टनाचा हिशेब कसा करावा ते पाहिले. या अंकात दुरुस्तीचा विचार करू. आपल्या वाचकांपैकी अनेक कुटुंबांची विद्युत उपकरणांच्या विक्रीची व देखभालीची पेढी आहे. त्या पेढीवर काम शिकणाऱ्या तरुणांसाठी हे टिपण मुख्यतः आहे. परंतु ज्यांना केवळ बिल चुकते करावे लागते अशा वाचकांनीही ते वाचावे, कारण काय विचारावे हे ठाऊक असलेल्या ग्राहकाची फसगत सहसा होत नाही.

मोटारीत पेट्रोल जळते तसा वातानुकूलन यंत्रातील गॅस जळत नाही, झिजतही नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो. आतल्या कॉइलमध्ये द्रवाची वाफ होताना तो खोलीतील उष्णता उचलतो आणि बाहेरच्या यंत्रात वाफेचा पुन्हा द्रव होताना ती हवेत टाकून देतो. वहीच्या भाषेत सांगावयाचे तर गॅस हे भांडवल आहे. खर्च होते ती वीज. भांडवलात तूट दिसली तर जाणता व्यापारी आधी तूट कोठून आली हे शोधतो. आठ-दहा वर्षांत एखाद्या जोडातून किंचित गॅस निसटला तर ती गोष्ट निराळी. पण ज्या यंत्रात दरवर्षी गॅस भरावा लागतो त्यात गळती आहे, अथवा गॅस कमी नसतानाच तो भरला जात आहे. या दोहोंखेरीज तिसरी शक्यता नाही.

दुसरा प्रकार वाटतो त्याहून अधिक घडतो, आणि तो नेहमीच लबाडीने घडतो असे नाही. कापडाच्या दुकानाचे उदाहरण घ्या. गठ्ठे उलगडताना उडणारे सुताचे बारीक तंतू आतल्या यंत्राच्या जाळीवर थराथराने बसतात. जाळी धुतली तरी त्यांतील बरेचसे मागच्या कॉइलच्या पत्र्यांत आणि ब्लोअरच्या पात्यांत अडकलेले असतात. हवा कमी वाहते, म्हणून गॅसला उचलायला उष्णताच कमी मिळते, आणि उष्णता कमी मिळाली की मोठ्या नळीवरचा दाब उतरतो. चालू यंत्रात हा दाब आर-२२ गॅसला साधारण ६० ते ७० पीएसआय असतो, आर-३२ व आर-४१०ए यांना साधारण ११० ते १३०. कारागीर गेज लावतो, आर-३२ च्या यंत्रात ९५ पाहतो आणि गॅस भरून ११५ वर आणून ठेवतो. आकडा सुधारला, रोग तसाच राहिला. पुढे कोणी ती कॉइल नीट धुतली की हवा मोकळी होते आणि मग तो जास्तीचा गॅस अंगावर येतो : बाहेरचा दाब चढतो, कॉम्प्रेसर तापून बंद पडू लागतो आणि “कॉम्प्रेसर गेला” असा निकाल लागतो. म्हणून जाळी, कॉइल, ब्लोअर आणि बाहेरचा कंडेन्सर हे चारही धुऊन झाल्याशिवाय गेज पेटीबाहेर काढू नये, असा नियम प्रत्येक पेढीने घालून द्यावा. तेल्याच्या किंवा मसाल्याच्या दुकानात तर साध्या पाण्याने भागत नाही. चिकट थरासाठी सौम्य साबणाचे द्रावण लागते. तीव्र आम्ल मात्र वापरू नये. ते मळाबरोबर ॲल्युमिनियमचे पत्रेही खाते.

बंद यंत्राचा दाब पाहून गॅस किती आहे हे सांगणारेही पुष्कळ भेटतात. स्वयंपाकघरातील सिलिंडर आठवावा. शेगडीची ज्योत शेवटच्या दिवसापर्यंत तशीच असते, मग एकाएकी मंदावते. सिलिंडर किती भरला आहे हे दाबावरून नव्हे, वजनावरून कळते. येथेही तसेच आहे. आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी बंद यंत्राचा दाब केवळ तापमानावर ठरतो. ३० अंश सेल्सियसला आर-२२ चा दाब सुमारे १५८ पीएसआय, आर-३२ चा सुमारे २६५. यंत्र निम्मे रिकामे असले तरी तो तितकाच दिसेल. त्याहून बराच कमी दिसला तर द्रव संपत आला आहे, आणि त्याहून जास्त दिसला तर आत हवा शिरली आहे, एवढेच त्यातून कळते. खरे प्रमाण यंत्राच्या पाटीवर ग्रॅममध्ये छापलेले असते. ज्या पेढीजवळ गॅस तोलण्याचा इलेक्ट्रॉनिक काटा नाही तिने आर-३२ ची यंत्रे हाती घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सोने अंदाजाने तोलणाऱ्या सराफाकडे आपण पुन्हा जातो का?

गॅसचा विचार करण्यापूर्वी उष्णतेचा जमाखर्चही मांडावा. १ टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, अर्थात सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकण्याची शक्ती. बसलेला माणूस १०० वॅटच्या आसपास उष्णता देतो. लग्नसराईत दुकानात वीस गिऱ्हाइके बसली तर २ किलोवॅट तेथेच खर्ची पडले. दागिन्यांच्या काचपेट्यांवर जुने हॅलोजन दिवे असतील तर त्यांचा प्रत्येक वॅट खोलीत उष्णता म्हणूनच उतरतो. ते बदलून एलईडी लावणे ही सुद्धा एसीची दुरुस्तीच होय. शिवाय यंत्राची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश आणि आत २७ अंश धरून. जळगावात किंवा सोलापुरात पारा ४३-४४ वर गेला की तेच यंत्र कमी काम करणार. तो दोष नव्हे. त्यातच दोन दुकानांमधल्या अरुंद बोळात सहा-सहा बाहेरची यंत्रे समोरासमोर टांगलेली असतात आणि एकाने टाकलेली तप्त हवा दुसरे ओढून घेते. अशा वेळी कंडेन्सरच्या पाठीशी, जेथून हवा आत जाते तेथे, तापमापक धरावा. रस्त्यावर ३८ आणि तेथे ४८ दिसले तर दोष जागेचा आहे. यंत्रे एकाआड एक वर चढवून, किंवा हवा वर फेकणारी पत्र्याची झडप लावून तो दूर होतो. गॅसने होत नाही.

आतल्या यंत्राची परीक्षा सोपी आहे. दुकान थोडे निवले की वर ओढल्या जाणाऱ्या हवेचे आणि खाली येणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. ८ ते १२ अंशांचे अंतर असेल तर यंत्र आपले काम करीत आहे. कोकणात किंवा मुंबईत हवेतील दमटपणा काढण्यातच पुष्कळ शक्ती जाते, म्हणून तेथे अंतर थोडे कमी पडते. इन्व्हर्टर यंत्राची परीक्षा मात्र त्याला पूर्ण वेगाने चालवूनच करावी. खोली निवल्यावर ते आपणहून मंदावते आणि त्या वेळचा कमी अँपिअर पाहून “गॅस कमी” म्हणणे हा निव्वळ अन्याय होय. बहुतेक कंपन्यांनी सक्तीने थंड करण्याची सोय रिमोटवर किंवा यंत्रावर दिलेली असते.

बर्फाविषयी थोडे. बर्फ दिसला की गॅस कमी, हे अर्धसत्य आहे. गॅस खरोखर कमी असेल तर कॉइलच्या सुरुवातीलाच, जेथे बारीक नळी शिरते तेथे, हिम धरते आणि उरलेली कॉइल कोरडी व कोमट राहते; बाहेरच्या यंत्रावर बारीक नळीच्या नटावरही पांढरा थर दिसतो. हवा कमी असेल तर सबंध कॉइल सारखी गोठते आणि जाड नळी थेट कॉम्प्रेसरपर्यंत घाम धरते. हा भेद दोन मिनिटांत डोळ्यांनी कळतो. बर्फ चाकूने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नये. केवळ पंखा चालू ठेवून तो वितळू द्यावा.

विजेचे दोष स्वस्त असतात आणि म्हणूनच दुर्लक्षित राहतात. साध्या यंत्राचा कॉम्प्रेसर घुमतो, सुरू होत नाही आणि काही क्षणांत बंद होतो, तेव्हा आधी कपॅसिटर मोजावा. त्यावर ४५ मायक्रोफॅरड लिहिलेले असता मीटर ३६ दाखवीत असेल तर काही शे रुपयांत काम होते. तेवढ्यासाठी कॉम्प्रेसर बदलल्याच्या गोष्टी बाजारात हव्या तितक्या ऐकू येतात. नवा घालताना मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्टची मर्यादा तेवढी किंवा अधिक चालते. तापून बंद पडलेला कॉम्प्रेसर आतील संरक्षक स्विच निवेपर्यंत मेल्यासारखाच दिसतो आणि त्याला कधी कधी तासाहून अधिक वेळ लागतो. म्हणून गरम कॉम्प्रेसरवर निकाल देऊ नये. दाब जसा यंत्रावर मोजतात तसे व्होल्टेजही यंत्रावरच, कॉम्प्रेसर चालू असताना मोजावे. मीटरच्या फळीवर २२५ आणि एसीच्या टोकाला १९५ दिसले तर मधली तार बारीक आहे किंवा एखादा जोड सैल आहे. जुन्या बाजारपेठेतील माड्यांवर पंख्याच्या तारेवर दीड टनाचा एसी जोडलेला आढळतो. तेथे प्रश्न थंडाव्याचा नाही, आगीचा आहे, आणि खाली कापड किंवा कागद भरलेला असतो हे मालकाने विसरू नये.

आता समजा, सर्व पाहून झाले आणि गॅस खरोखरच कमी आहे. तर गळती शोधल्यावाचून पुढे जाऊ नये. गॅसबरोबर तेलही झिरपते, म्हणून जोडावरचा तेलकट, धूळ धरलेला डाग हा पहिला साक्षीदार. नळ्यांवरची पट्टी सोडून आतल्या यंत्रामागचे फ्लेअर नट उघडे करावेत आणि साबणाचा फेस लावावा. पुष्कळदा बुडबुडा तेथेच येतो, कारण बसविताना नळीचे तोंड नीट फुलविलेले नसते, नाहीतर नट पान्याने अंदाजाने आवळलेला असतो. तेथे काही न सापडल्यास कोरडा नायट्रोजन रेग्युलेटर लावून, यंत्राला सोसेल तेवढ्याच दाबाने भरून ठेवावा. दुपारी भरून रात्री पाहिला तर दाब थोडा उतरलेला दिसेल, म्हणून घाबरू नये : ४० अंशांना ४०० पीएसआय भरलेला नायट्रोजन २८ अंशांना गळतीशिवायच ३८४ च्या आसपास येतो. गळती कॉइलमध्ये निघाली तर दुकानात नुकतेच प्लायवूडचे काम झाले आहे काय, किंवा मागे उघडे गटार आहे काय, हेही पाहावे. लाकडी फळ्या व डिंकांतून सुटणारी सेंद्रिय आम्ले तांब्याला आतून मुंग्यांच्या वारुळासारखी पोखरतात, आणि गटारातील वायूही तांबे काळे करतो. नवी कॉइल घालूनही तोच दोष वर्षभरात परत येतो तो अशाच ठिकाणी.

जोड दुरुस्त झाल्यावर व्हॅक्यूम पंप लावून आतील हवा व ओल ५०० मायक्रॉनपर्यंत ओढून काढावी. पंप आणण्याचा कंटाळा म्हणून यंत्रातलाच थोडा गॅस सोडून हवा हुसकण्याची रीत अजून चालते. त्या रीतीने ओल आत राहते, नव्या गॅसांबरोबर येणाऱ्या तेलात तिचे आम्ल होते आणि ते आम्ल कॉम्प्रेसरच्या वेटोळ्यांना खाते. मग काट्यावर तोलून पाटीइतका गॅस. आर-४१०ए हा दोन वायूंचे मिश्रण असल्याने तो द्रवरूपानेच भरावा. आर-२२ घालून चालणारी नवी यंत्रे आपल्या देशात २०२५ पासून बनत नाहीत; जुनी मात्र बाजारात वर्षानुवर्षे राहतील. अशा जुन्या यंत्रात आर-३२ घालण्याचा मोह धरू नये. दाब दीडपटीहून अधिक, तेल निराळे, आणि वायू ज्वालाग्राही. स्वस्त म्हणून शेगडीचा गॅस एसीत भरणारे महाभागही आहेत; त्यांना दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवावे.

आता ज्या गोष्टीसाठी हे टिपण लिहावेसे वाटले ती. या धंद्यात माणसे दगावतात, आणि ती प्रायः विशी-पंचविशीतली मुले असतात. दाब तपासण्यासाठी नायट्रोजनऐवजी वेल्डिंगचा ऑक्सिजन भरला जातो. आतल्या तेलाशी दाबाखालचा ऑक्सिजन भेटला की कॉम्प्रेसर बॉम्बसारखा फुटतो. यंत्र उतरविण्यापूर्वी गॅस बाहेरच्या भागात ओढून घेताना कॉम्प्रेसर चालू असतानाच नळी सोडली जाते. हवा आत शोषली जाते, तेलाच्या वाफेबरोबर दाबली जाते आणि डिझेल इंजिनात होतो तसा स्फोट होतो. आधी झडपा बंद, मग वीज बंद, मगच नट सैल : हा क्रम त्या मुलाला झोपेतही सांगता आला पाहिजे. इन्व्हर्टरच्या फळीवर वीज बंद केल्यावरही ३०० व्होल्टहून अधिक दाब काही मिनिटे टिकून राहतो. कंपनीने सांगितलेला वेळ थांबून, मीटरने पाहूनच हात घालावा. आर-३२ हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो. खोली बंद ठेवून त्याच्याजवळ ज्योत पेटवू नये आणि गॅस पूर्ण काढून घेतल्याशिवाय जोड तापवू नये.

आणि उंची. तिसऱ्या मजल्याच्या छज्जावर एक पाय खिडकीत आणि एक लोखंडी चौकटीवर ठेवून दहा मिनिटांचे काम करणारा मुलगा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. ती चौकट किती गंजली आहे हे त्याला वरून दिसत नाही. कमरेचा नव्हे, सबंध अंगाचा सुरक्षा-पट्टा आणि तो अडकविण्यासाठी भिंतीतला भक्कम कडा यांचा खर्च एका गॅस-भरणीच्या बिलाच्या आसपास असतो. पट्टा पेढीच्या मालकाने द्यावा, कडा घराच्या मालकाने बसवून घ्यावा, आणि पट्टा नसेल तर “राहू दे, आज नको” असे म्हणण्याचा अधिकार ग्राहकालाही आहे.

पेढीच्या मालकांना व्यवहाराची एक सूचना. कारागिराला गॅसच्या विक्रीवर कमिशन देऊ नये. ज्याच्या ताटात गॅसचा हिस्सा पडतो त्याला प्रत्येक यंत्र रिकामेच दिसणार. त्याऐवजी दोष शोधण्याची फी उघडपणे आकारावी आणि प्रत्येक भेटीचा कागद करावा : व्होल्टेज, अँपिअर, दाब, आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान, बाहेरचे तापमान, आणि गॅस भरलाच तर किती ग्रॅम व गळती कोठे सापडली. एक प्रत ग्राहकाला द्यावी. तीन वर्षांचे कागद शेजारी ठेवले की यंत्र बदलावे की दुरुस्त करावे हा वाद दोन मिनिटांत मिटतो. ग्राहकांनीही गॅसच्या बिलावर ग्रॅम लिहून मागावेत. “गॅस चार्जिंग” एवढ्या दोन शब्दांचे बिल हे बिल नव्हे.

जीवदयेच्या दृष्टीनेही या यंत्राकडे पाहावयास हवे. बाहेरच्या यंत्रातील विजेच्या फळीवर उबेसाठी पाली येतात, दोन टोकांना स्पर्श होताच मरतात आणि महागडी फळीही जळते. तारा आत शिरतात ती भोके सिलिकॉनने किंवा बारीक जाळीने बुजविली तर दोन्ही टळते. नळ्यांसाठी भिंतीला पाडलेल्या भोकात चिमण्या, आणि यंत्रामागे पारवे घरटे करतात. हिवाळ्यात यंत्र बंद असतानाच ती जागा जाळीने अडवावी. जाळी हवा अडणार नाही इतकी विरळ हवी. एकदा अंडी घातली असतील तर पिले उडून जाईपर्यंत ते यंत्र बंद ठेवावे आणि शेजारच्या यंत्रावर काम भागवावे. कारागिराला तसे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर तो सवयीने घरटे खाली ओढतो.

पावसाळ्यापूर्वी एक काम राहिले. आतून पाणी ठिबकते ते बहुधा निचऱ्याच्या नळीत शेवाळ धरल्याने किंवा नळी मध्येच उंच झाल्याने. तबकात तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर कोठे पडते हे पाहावे. न पडल्यास नळी बाहेरच्या टोकाकडून ओढून साफ करावी आणि तिचे तोंड बादलीतील पाण्यात बुडालेले राहू देऊ नये. पुढील अंकात स्टॅबिलायझर आणि दुकानाच्या अर्थिंगविषयी.